सत्तावीस नंबरचा पडदा

लोकांचे बाप लेकरांना नोकरी लावतात. आमच्याकडे उलटं झालं. बाबांना मी नोकरी लावली, तीही त्यांच्या एकसष्टाव्या वर्षी आणि तीही फाटकी हृदयं शिवणाऱ्या कारखान्यात.

‘कारखाना’ हा बाबांचा शब्द. आम्ही त्याला ऊतिकेंद्र म्हणायचो. भंडाऱ्याच्या बाहेर, महामार्गाला लागून असलेली ती पांढरी इमारत. तिथे मी तपासणी विभागात होते: प्रणाली तुळशीराम बारापात्रे, पदार्थविज्ञानातली डॉक्टर, सहकाऱ्यांच्या मते तोंडाने जरा फटकळ. माझे बाबा आंधळगावचे कोष्टी. चाळीस वर्षं हातमागावर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणल्या, आणि आपल्यासारखा विणकर जिल्ह्यात दुसरा नाही हे ते कोणी न विचारता सांगत.

आमच्या केंद्रात काय चालायचं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. काही मुलांच्या हृदयाच्या मधल्या पडद्याला जन्मतःच भोक असतं. भोक मोठं असेल तर छाती उघडून त्यावर ठिगळ लावावं लागतं. जुनी ठिगळं कृत्रिम धाग्याची असायची. चांगली होती, पण मूल वाढतं आणि ठिगळ वाढत नाही. काही वर्षांनी काठ ताणले जायचे आणि पुन्हा छाती उघडायची वेळ यायची.

आमचं ठिगळ काम झालं की नाहीसं व्हायचं. ते कोशाच्या रेशमाचं होतं. रेशमाच्या धाग्यात दोन प्रथिनं असतात. बाहेरचं डिंकासारखं चिकट असतं. ते शरीराला खपत नाही, म्हणून उकळून काढून टाकायचं. आतलं फायब्रॉइन मात्र शरीर मुकाट्याने सांभाळून घेतं. त्यातही जंगली कोशाच्या फायब्रॉइनमध्ये एक छोटीशी रासायनिक जागा असते, तिथे जिवंत पेशी घट्ट पकड घेतात. मुलाच्याच शरीरातून घेतलेल्या पेशी या जाळीवर सोडल्या की त्या धाग्याधाग्याने पसरत जातात, कारल्याचा वेल मांडवावर चढतो तशा. वेल भरेपर्यंत मांडव कुजून पडावा असं आमचं गणित होतं. अठरा महिन्यांत रेशीम विरघळायचं, आणि मागे उरायचा तो मुलाचा स्वतःचा पडदा. मुलाबरोबर वाढणारा, मुलाबरोबर म्हातारा होणारा.

घोडं अडलं होतं ते विणण्यात. धागा केसाच्या निम्म्या जाडीचा, आणि ओला असतानाच विणावा लागे. यंत्रमागाच्या झटक्याने तो तुटे. मग एक यंत्रहात आणला. तो धागा इतका जपून धरायचा की वीण सैल पडायची. सहा महिने सगळ्यांनी हात टेकले होते. एका बैठकीत मी वैतागून म्हणाले, “माझे बाबा करतील हे.” सगळे हसले. पुढच्या आठवड्यात बाबा आले, यंत्रमाग दहा मिनिटं पाहिला आणि म्हणाले, “हे विणून रायलं का मारून रायलं धाग्याले?”

महिन्याभरात काचेच्या निर्जंतुक खोलीत वीतभर रुंदीचा हातमाग बसला. बाबा पांढरा अंगरखा, टोपी, मुखपट्टी आणि डोळ्यांना भिंग लावून त्याच्यापुढे बसू लागले. पहिल्या दिवशी काचेतून मला म्हणाले, “मले त निऱ्हा बगळा करून टाकलं व तुमी.” पण त्यांच्या बोटांना धाग्याचा ताण कळायचा, आणि ते कोणत्याही यंत्राला शिकवता येत नव्हतं. त्यांनी विणलेल्या पहिल्याच पडद्यावर, म्हणजे ठिगळावर, पेशी अशा काही पसरल्या की आमच्या प्रमुख कस्तुरे मॅडम सूक्ष्मदर्शकावरून उठायला तयार नव्हत्या. मला बाबांचा एवढा अभिमान वाटला की दोन दिवस मी कोणाशीही फटकून बोलले नाही.

नियम बरेच होते, पण मोडला तर जिवावर बेतेल असा एकच. धागा तुटला की थांबायचं, लाल बटण दाबायचं, मागावरचा तुकडा कापून टाकायचा आणि नव्याने सुरू करायचं. गाठ मारायची नाही. गाठीत धागा तिप्पट जाड होतो आणि आवळलेला असतो. तिथे रेशीम वेळेवर विरघळत नाही. मग शरीर त्या कणाभोवती कठीण भिंत बांधतं, आणि हृदयाच्या पडद्यातून तर ठोक्याची वीज जात असते. तिच्या वाटेत अशी भिंत नको.

बाबांना नियम समजला, पण पचला नाही. एक तर त्यांची गाठ. ओल्या बोटांनी मळून, दाबून ते अशी गाठ मारत की साडीवरून हात फिरवूनही ती सापडत नसे. साडी दुसरीकडे फाटेल, पण त्यांच्या गाठीपाशी नाही. दुसरं कारण याहून अवघड होतं. आमच्या घरात मागावरचं अर्धं कापड कापत नाहीत. घरात कोणी गेलं तरच कापतात. माझी आई गेली तेव्हा मागावर करवतकाठी साडी अर्धी होती. बाबांनी ती कापली आणि आईवर पांघरली. बाबांच्या हातून अर्धं कापड कापलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं होतं.

केंद्रात पहिल्यांदा धागा तुटला तेव्हा त्यांनी बटण दाबलं, तुकडा कापला आणि बाहेर येऊन डबा न उघडता बसून राहिले.

“कोनाचं होतं व ते?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही, बाबा. नुसता नंबर असतो.”

“मंग बरं,” ते म्हणाले, आणि दोन घास खाल्ले. मला वाटलं, झाली सवय. आपल्या माणसाचं आपण ऐकतो, पण लक्ष देऊन ऐकत नाही.

नंबराच्या पलीकडचं मूल विणकराला कळू द्यायचं नाही, असाही नियम होता. तो मी मोडला. पेशी घ्यायला मुलांना आमच्याकडे आणत, आणि आईबापांशी बोलणं माझ्याकडे असायचं. सत्तावीस नंबरच्या पडद्यासाठी पवनीहून ईश्वरी लांजेवार आली होती. सहा वर्षांची, ओठांवर निळसर झाक, पुढचे दोन दात पडलेले. चार पावलं चालली की उकिडवी बसायची आणि बसल्या बसल्या पाहणाऱ्यालाच विचारायची, “तू थकली का?” त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाबा भाजी बाजूला सारून नुसतीच पोळी खात होते. त्यांना रमवायला म्हणून मी ईश्वरीची गोष्ट सांगितली. नाव, गाव, दात, सगळं. बाबा खुदकन हसले आणि त्यांनी वाटीतली भाजी संपवली. मला बरं वाटलं, अगदी मनापासून.

पडदा झाला. माझ्या तपासणीच्या कॅमेऱ्याखालून गेला आणि पास झाला. कोशाचा धागा मुळातच कुठे जाड, कुठे बारीक. कॅमेरा चांगले तुकडेही नाकारायचा, म्हणून मी त्याची जाडीची मर्यादा थोडी सैल केली होती. लेखी परवानगी घेऊन केली, पण केली मीच. शस्त्रक्रिया उत्तम झाली. महिन्याभराने ईश्वरीच्या आईने एक चित्रफीत पाठवली. ईश्वरी अंगणात कोंबडीमागे पळत होती, आणि ओठ गुलाबी होते. बाबांनी ती माझ्या फोनवर सात-आठ वेळा पाहिली आणि शेवटी म्हणाले, “कोंबडी हाती नाही लागत तिच्या.”

ती पळाली अडीच वर्षं. मग एका सकाळी, कवायत संपवून वर्गाकडे धावताना, शाळेच्या मैदानात पडली. हातातल्या घड्याळाने दवाखान्याला इशारा दिला, गाडी सहा मिनिटांत आली. तोवर सगळं संपलं होतं.

आईबापांनी परवानगी दिली म्हणून हृदयाचा तो भाग तपासणीला आमच्याकडे आला. पडदा सुरेख तयार झाला होता, सगळीकडे तिचाच. फक्त एका जागी, वीज वाहून नेणाऱ्या तंतूंच्या अगदी शेजारी, तांदळाच्या कणीएवढा कठीण भाग होता. कस्तुरे मॅडमनी तो पाहिला आणि अहवालाचा मसुदा लिहिला: कोशाच्या धाग्यातला नैसर्गिक जाडपणा, चाळिसात एखादा संभवतो, टाळणं अशक्य. त्यांचा दोष नाही. त्यांनी आयुष्यात कधी गाठ मारली नव्हती.

मी मारली होती. आठ वर्षांची असताना बाबांनी माझी बोटं धरून शिकवली होती: डावा धागा खालून, दोनदा वळसा, टोकं आत. कणीचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा मला ते दोन वळसे दिसले. टोकं आत वळलेली होती.

तो एक दिवस मी गप्प बसले. खोटं कशाला सांगू, पूर्ण एक दिवस. गप्प राहिले असते तर कोणालाही कळलं नसतं. मसुदा छापला गेला असता, आणि बाबा पुढेही आपल्या कौतुकात जगले असते. पण बाबांनी विणलेले अडतीस पडदे अडतीस मुलांच्या छातीत होते. रेशीम कुठल्याही स्कॅनमध्ये दिसत नाही, आणि कणी कठीण होऊन दिसू लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो. अडतीस छात्या उघडून बघता येत नाहीत. कोणत्या पडद्यात गाठ आहे हे पृथ्वीतलावर एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते त्याला विचारायचं तर आधी ईश्वरीचं सांगावं लागणार होतं.

रविवारी दुपारी मी आंधळगावला गेले. बाबा पडवीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मीही समोर बसून सोलू लागले. थोड्या वेळाने म्हणाले, “बाबा, सत्तावीस नंबरच्या पडद्यात गाठ होती.”

ते शेंगा सोलत राहिले. “कोन म्हनते?”

“मी पाहिली. तुमचीच आहे.”

त्यांचा हात थांबला. चेहऱ्यावर घाबरलेपण आलं आणि त्यांनी विचारलं, “सुटली का?”

“नाही.”

“मंग?” त्यांनी सुस्कारा सोडला. “म्या म्हनलं, सुटली का काय. माही गाठ नाही सुटत, बेटा.”

“नाही सुटली, बाबा. विरघळली पण नाही. तेच झालं.”

मी सगळं सांगितलं. मैदान, सकाळ, तांदळाची कणी. सांगताना त्यांच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. मी शेंगांकडे बघत बोलत होते. बोलणं संपलं तेव्हा त्यांच्या मांडीवरचं सूप कलंडलं होतं आणि दाणे पडवीभर झाले होते.

“कोंबडीमांगं पये ते?” बाबांनी विचारलं.

“हो. तीच ईश्वरी.”

पुढचा प्रश्न विचारण्याआधी मला त्यांना रडू द्यायला हवं होतं. पण बाकीच्या मुलांचा एकेक दिवस जात होता. मी विचारलं, “अजून किती, बाबा? आठवून सांगा. एकही सुटायला नको.”

विणकराला आपली प्रत्येक गाठ आठवते. ते क्षणभरही थांबले नाहीत. “तीन. ते धरून तीन. एकतीस न् छत्तीस.”

“बाकीच्यांत नक्की नाही?”

“बाकीचे कापले. अकरा खेप धागा तुटला, अकरा खेप बटन दाबलं न् कापलं. विचार तुमच्या मशीनले.”

मशीनला विचारायची गरज नव्हती. नोंदीत अकरा कापण्या होत्या. मला समजेना. “अकरा कापले, मग हेच तीन का नाही कापले?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. इतकं सोपं मला कसं कळत नाही, असं काहीतरी त्या नजरेत होतं.

“याइचं नाव तू सांगतलं होतं.”

मी कलंडलेलं सूप सरळ केलं.

“नाव मालूम असल्यावर कसं कापू व?” ते म्हणाले. “लेकरू जितं हाय. त्याचं अर्धं कापड म्या आपल्या हातानं कापू? तुह्या मायवर पांघरलं ते आठोते ना तुले? म्या म्हनलं, गाठ मारतो. लेकराच्या जिवाले धोका नको.”

एकतीस म्हणजे गोंदियाचा निनाद. छत्तीस म्हणजे झोया, पेशी घ्यायला आणली तेव्हा चार महिन्यांची. दोघांचीही नावं मीच सांगितली होती, जेवणाच्या सुट्टीत, बाबांनी नीट जेवावं म्हणून. ज्या मुलांबद्दल मी तोंड मिटून राहिले ती सगळी ठणठणीत होती. सगळं आयुष्य मी फटकळ म्हणून बोलणी खाल्ली, आणि कोणाचं वाईट झालं ते मात्र माझ्या गोड बोलण्याने. बाबांच्या शेजारी बसून मी मोठ्याने रडले. ते रडले नाहीत. एकेक दाणा वेचून सुपात टाकत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी कस्तुरे मॅडमना सगळं लिहून दिलं. नाव सांगितल्याचंही लिहिलं. निनाद आणि झोया चार दिवसांत दवाखान्यात आले. दोघांची छाती पुन्हा उघडली आणि गाठी काढल्या. निनाद आठवड्यात घरी गेला. झोयाने सोळा दिवस अतिदक्षता विभागात सगळ्यांचा जीव टांगणीला लावला आणि मग एका सकाळी दूध मागितलं. दोघंही वाचली. गाठी बरोबर त्याच नंबरांत निघाल्या, बाकी कुठेही नाहीत.

काचेच्या खोलीतला माग बंद झाला. बाबांना कोणी रागावलं नाही, आणि तेच त्यांना सोसवलं नाही. माझी चौकशी सुरू झाली. लांजेवारांकडे केंद्राने पत्र पाठवलं. त्यात ‘धाग्यातील दोष’ असे शब्द होते. वकिलांनी आम्हाला त्या घरी जाऊ नका म्हणून बजावलं. बाबांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

“धाग्यात काई दोष नोता,” ते म्हणाले. “मले पवनीले ने.”

पवनीला आम्ही सकाळच्या बसने गेलो. ईश्वरीच्या आईचं नाव शीतल. माझ्याच वयाची. तिने मला ओळखलं, बसायला सतरंजी टाकली, चहा ठेवू का विचारलं. नवरा शेतावर गेला होता. मी तोंड उघडणार तोच बाबांनी हाताने मला थांबवलं.

“माय, पडदा म्या विणला होता,” ते म्हणाले. “धागा तुटला तवा कापून फेकाचा होता. म्या नाही कापला. गाठ मारली. तुही पोट्टी माह्या गाठीनं गेली.”

शीतलला लगेच उमगलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. मग सगळं सांगितलं: गाठ काय करते, घरातली रीत, मी नाव कसं सांगितलं, बाबांना काय वाटलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिली. मला वाटत होतं, तिने ओरडावं, आम्हाला घराबाहेर काढावं.

“बाकीचे दोघं?” तिने विचारलं.

“वाचली.”

तिने मान डोलावली. मग बाबांना म्हणाली, “काका, तुमी तो कापला असता तर दुसरा विणाले किती दिवस लागले असते?”

“नऊ,” बाबा म्हणाले.

“नऊ म्हैने?”

“नऊ दिवस, माय.”

शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलता आली असती. निर्जंतुक खोलीचं वातानुकूलन बिघडलं तेव्हा आम्ही अशा तारखा दोन-दोन आठवडे ढकलल्या होत्या. हे मला माहीत होतं, आणि आता शीतललाही कळलं. तिने बोटाला गुंडाळलेला पदर सोडवला.

“सहा वर्सं थांबलो होतो जी आमी,” ती म्हणाली. “तिले कडेवर घेऊन घेऊन. आणखी नऊ दिवस नसतो का थांबलो?”

बाबांचे हात जोडलेले होते. शीतलने पुढे सरकून ते दोन्ही हात आपल्या हातांत धरले, आणि तसेच धरून ती रडायला लागली.